परतीचे पैसे

सहलीला निघताना आपण जाण्याचा हिशेब पैशापैशानं मांडतो आणि परतीच्या रकान्यात नुसतं 'तिकीट काढलंय' असं लिहितो. समजा, इंदूरचे निवृत्त काका-काकू अंदमानला गेले. स्वराजद्वीपच्या किनाऱ्यावर काकूंनी पदर खोचून लाटांशी फुगडी घातली, काकांची एक चप्पल समुद्रानं नेली. इथवर मजाच. मग समुद्र खवळला, बोट रद्द झाली आणि श्री विजयपुरमचं विमान यांना न घेताच उडालं.

ऐन वेळची तिकिटं महाग. काका म्हणाले, "ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून थोडे काढू." काकू म्हणाल्या, "थोडे निघत नाहीत हो, खातंच बंद करावं लागतं!" खरंच आहे. वर्ष उलटलं पण दोन वर्षं झाली नाहीत, तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. 10 लाखांवर 15,000 रुपये. चप्पल परवडली!

काकूंनी मात्र एका तिमाहीचं व्याज बचत खात्यात तसंच राहू दिलं होतं. 8.2 टक्के दरानं 10 लाखांचं ते 20,500 होतं. त्यातून तिकिटं निघाली.

हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी देय होतं. तुम्ही सहलीची तारीख त्यानंतरची धरा. थोडी रोकडही जवळ ठेवा. बेटावर नेटवर्क रुसलं, की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात.