सात वाजताचा भोंगा

भोंगा हा शब्द कानी पडला की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे गिरणी उभी राहते. पहाटेच्या अंधारात तो वाजे आणि परळ-लालबागच्या चाळींतून माणसांची रीघ गिरणीच्या दरवाजाकडे चालू लागे. गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर तो आवाजही गेला. परंतु सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे एक गाव आहे. तेथे २०२२ साली एक नवा भोंगा बसला. गावातील मंदिरावरून तो सायंकाळी सात वाजता वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद व्हावेत, मुलांनी पुस्तके उघडावीत, आणि साडेआठपर्यंत हा नेम मोडू नये, असा गावाने निश्चय केला होता.

ही वार्ता वर्तमानपत्रांतून देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली. कित्येकांनी कौतुक केले, कित्येक हसले. सारे जग संगणकावर शिकत असताना एक खेडेगाव उलट्या पावलांनी का चालले, असाही प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर शिक्षणाची साधने आणि शिक्षणाची वेळ यांचा परस्परसंबंध काय, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

पंतोजींच्या शाळेत साधने ती किती? धूळपाटी, बोरू, दौत, आणि पंतोजींच्या हातची छडी. मुलगा धुळीवर अक्षर काढी, पुसे आणि पुन्हा काढी. पुढे दगडी पाटी आली, फळा आणि खडू आले, भिंतीवर नकाशे लागले. या प्रत्येक साधनाचा एक गुण होता: त्याला एकच काम येत असे. पाटीवर अक्षर उमटे; पाटी गाणे म्हणत नसे की गोष्ट सांगत नसे. मूल कंटाळले तर पाटी त्याची करमणूक करावयास पुढे येत नसे. कंटाळा आवरून पुन्हा अक्षराकडे वळणे, हाही शिक्षणाचाच एक भाग होता.

त्यानंतर वाऱ्यावरून येणारी साधने आली. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणीचे केंद्र सुरू झाले. सांगलीस आकाशवाणीचे केंद्र १९६३ साली झाले. शाळांसाठी नभोवाणीवरून पाठ होऊ लागले. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम वर्षभर दाखविण्यात आले. पुण्यास १९८४ साली बालचित्रवाणी ही संस्था निघाली आणि तिने मराठी मुलांकरिता शेकडो पाठ चित्रित केले. २०१७ साली ती बंद झाली. या सर्व साधनांचे दोष पुष्कळ दाखविता येतील. मुलाने प्रश्न विचारला तर नभोवाणी उत्तर देत नसे. तथापि तिच्या पाठाला आरंभ होता आणि शेवटही होता. ठरल्या वेळी आवाज येई, ठरल्या वेळी थांबे, आणि मग शिक्षक व विद्यार्थी पुन्हा एकमेकांकडे पाहत.

मोबाईलचे तसे नाही. त्यात पाटी आहे, ग्रंथालय आहे, नकाशा आहे, शिक्षकही आहे. परंतु त्याच काचेच्या तुकड्यात तमाशा आहे, जत्रा आहे आणि बाजारही आहे. एकातून दुसऱ्यात जावयास बोटाचे एक टोक पुरते. शिवाय त्याला वेळ नाही. त्याचा पाठ संपत नाही, कारण एक संपण्यापूर्वीच दुसरा पुढे येऊन उभा राहतो. ज्या साधनाला स्वतःची वेळ नाही, त्याला ती बाहेरून कोणीतरी घालून द्यावी लागते. वडगावाने जे केले ते इतकेच.

तेथे हा प्रश्न का उत्पन्न झाला, हे मोठे बोधप्रद आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण चालू राहावे म्हणून जे साधन हाताशी होते, ते मोबाईलच होते. ज्या आईबापांनी तोवर मुलाच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनीही तो दिला. देणे भागच होते. महाराष्ट्रातील पहिली ते चौथीच्या मुलांचे वर्ग २०२१ च्या डिसेंबरात उघडले, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ लहानग्यांची शाळा त्या काचेतच भरत होती. शाळा उघडल्या तेव्हा वडगावच्या शिक्षकांच्या ध्यानात आले की, मुलांस वाचण्या-लिहिण्याचा आळस आला आहे आणि शाळेच्या आधी व नंतर ती फोनमध्येच गढलेली असतात. त्यातून बहुतेक घरांत अभ्यासाची निराळी खोली नाही. ज्या खोलीत दूरदर्शन संच, त्याच खोलीत मुलाचे दप्तर. मालिकेतील सासू-सुनेचे भांडण ऐन रंगात आलेले असता त्याच भिंतीशी बसून भागाकार करणे हे मोठ्या माणसासही साधणार नाही.

ही हानी एकट्या वडगावची नव्हती. ‘असर’ या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण शिक्षणाची पाहणी सांगते की, देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती, २०२२ साली ती शेकडा २०.५ उरली. २०२४ च्या पाहणीत हा आकडा पुन्हा २७.१ पर्यंत चढला. पुन्हा उघडलेल्या शाळेने काय भरून काढले, ते यावरून दिसते. त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींपैकी शेकडा ८२ जणांस स्मार्टफोन वापरता येतो. मागील आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी उपयोग करणारे शेकडा ५७ होते, आणि समाजमाध्यमांसाठी करणारे शेकडा ७६. साधन मुलांच्या हाती आले आहे, ते चालविता येते, त्यातून थोडेबहुत शिकणेही होते. परंतु करमणुकीचे पारडे जड आहे.

वडगावचे त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी ही गोष्ट गावापुढे मांडली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातील स्त्रियांची सभा झाली. दूरदर्शनवरील मालिका पाहण्यात आपलाही फार वेळ जातो, हे स्त्रियांनी मोकळेपणाने मान्य केले आणि रोज काही काळ संच बंद ठेवावयास संमती दिली. सभेत बसून स्वतःची खोड कबूल करणे हे सोपे काम नव्हे. पुरुषमंडळींनी मात्र प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे नोकर आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर गेले. भोंगा बसला तरी पहिल्या दिवसांत तो पुरेसा झाला नाही; माणसांस दाराशी जाऊन सांगावे लागले. यंत्र वाजते, पण मन वळवावयास माणूसच लागतो, हा अनुभव येथेही आला.

आता सायंकाळची सातचीच वेळ का, याचाही विचार करण्याजोगा आहे. जुन्या मराठी घरात ही दिवेलागणीची वेळ. देवापाशी सांजवात लागे, मुले हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणत आणि त्यापाठोपाठ परवचा होई. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी एका सुरात म्हटली जात. आजोबा झोपाळ्यावरून चुकलेला आकडा सांगत, आई स्वयंपाकघरातून कान देई. अभ्यासाची निराळी खोली तेव्हाही नव्हती. परंतु त्या घटकेला सारे घरच अभ्यासाची खोली होई. पुढे त्याच घटकेवर प्रथम दूरदर्शनच्या मालिका येऊन बसल्या आणि त्यानंतर मोबाईल. वडगावच्या भोंग्याने नवे काही निर्माण केले असे म्हणण्यापेक्षा, परवच्याची हरवलेली वेळ परत मागितली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

गावाने एकत्र बसून नेम करावा, ही गोष्ट या भागास नवी नाही. कडेगावचे मोहरमातील उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. १९४२ नंतरच्या चळवळीत, हा मुलूख सातारा जिल्ह्यात असताना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी लोकांची न्यायमंडळे चालविली होती. जेथे तंटे गावाने मिटविले, तेथे अभ्यासाची वेळ गावाने ठरविणे हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

येथे एक आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. मोबाईल हे केवळ करमणुकीचे खेळणे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांस सांकेतिक चौकोन जोडले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्र हलू लागे. तेथील मुलींची मातृभाषा कानडी असल्याने त्यांस पुस्तके समजत नसत. त्यांच्यासाठी तो मजकूर त्यांच्या भाषेत आणण्याचे कामही त्यांनी केले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही तसे चौकोन छापले जाऊ लागले, आणि २०२० साली डिसले यांस जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. कडेगाव तालुक्यातीलच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्यांच्या नावाने १९८९ साली नाशिकास जे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याने शेत, संसार वा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांस पदवीची वाट मोकळी केली. अशा विद्यार्थ्यांस दुरून येणारा पाठ हे वरदानच आहे. मग हे साधन बंद करून कोणाचे कल्याण होणार?

या आक्षेपाचे उत्तर वडगावच्या ठरावातच आहे. त्याने फोन विहिरीत टाकावयास सांगितले नाही. दिवसाच्या चोवीस तासांपैकी दीड तास तेवढा मागितला. उरलेल्या साडेबावीस तासांवर त्याने हक्क सांगितला नाही. परितेवाडीचा चौकोन उपयोगी पडला, कारण त्याच्या शेजारी एक शिक्षक उभा होता आणि पुढे काय करावयाचे ते त्यास ठाऊक होते. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी प्रौढ असतो. आपला वेळ कशाकरिता राखावयाचा, हे तो स्वतः ठरवितो. आठ-दहा वर्षांच्या मुलास तो विवेक अजून यावयाचा असतो. तोवर त्याच्या वतीने तो दुसऱ्या कोणीतरी करावा लागतो. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशाने २०१८ साली कायदा करून शाळांत मुलांच्या फोनला बंदी घातली आणि २०२३ साली युनेस्कोने आपल्या अहवालात असाच सावधगिरीचा इशारा दिला, ते याच कारणास्तव.

परंतु फ्रान्सचा कायदा आणि वडगावचा भोंगा यांत एक भेद आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कायद्याने मुलांच्या हातचा फोन काढला. भोंग्याने आईबापांच्या हातचाही खाली ठेवावयास लावला. “अभ्यास कर” असे सांगणारा बाप स्वतः काचेवर बोट फिरवीत असेल, तर मुलाला त्या वाक्याचा एवढाच अर्थ कळतो की, अभ्यास ही लहानांची शिक्षा आहे आणि फोन हे मोठ्यांचे बक्षीस. मग ते मोठे होण्याची वाट पाहत बसते. याउलट सात वाजता घरातील सर्वांचेच फोन फळीवर गेले, तर ती घटका शिक्षेची राहत नाही, घराची होते. आईला वाचता येत असो वा नसो, ती समोर बसलेली असते. आणि पुष्कळ मुलांस तेवढ्यानेच धीर येतो.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांस हे सारे खेड्यातील नवलाचे वृत्त वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांचीच अडचण अधिक मोठी आहे. खेड्यात एका घरात एक फोन असला, तर शहरात माणशी एक असतो. शिवाय मुलाच्या शिकवणीचा, शाळेच्या सूचनांचा आणि वडिलांच्या कचेरीचा व्यवहारही त्यावरूनच चालतो. तेथे मंदिरावर भोंगा बसविणारी ग्रामसभा नाही. बिऱ्हाडाचे दार बंद झाले की प्रत्येक घर हेच एक गाव, आणि घरातील वडीलधारे हेच त्याचे पंच. अशा घराची सभा भरावयास दहा मिनिटे पुरतात. वेळ सातचीच हवी असे नाही. नऊची असेल, अर्ध्या तासाचीच असेल. मात्र ती ठरलेली असावी, रोजची असावी आणि सर्वांस लागू असावी.

भोंग्याची गरज तेथे पडणार नाही. भिंतीवरच्या घड्याळात ठरलेली वेळ झाली की, घरातील सर्वांत मोठ्या माणसाने उठून आपला फोन प्रथम कपाटात ठेवावा. बाकीचे बहुधा आपोआप होईल. आणि पहिल्या काही दिवसांत झाले नाही, तर वडगावातही ते पहिल्या दिवसांत झाले नव्हते, हे स्मरावे.