पेनड्राइव्ह सोडविण्याचा अधिकार

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह जोडला, काम उरकलें, आणि तो काढूं जातां पडद्यावर नकार उमटला : परवानगी नाहीं! पुष्कळ माणसें अशा वेळीं चिडून ड्राइव्ह तसाच उपटतात. परंतु लिहिलेला मजकूर त्यावर तत्काळ उतरत नाहीं. सामान्यतः ३० सेकंद किंवा त्याहूनहि अधिक काळ तो संगणकाच्या स्मृतींतच रेंगाळतो. तेवढ्यांत ड्राइव्ह ओढला, तर लग्नाचीं छायाचित्रें अर्धवट राहतात. कधीं फायलींची सारी सूचीच बिघडते.

हा नकार येतो कशामुळें? समजा, घरांतील मुलानें सकाळीं 'सुडो माउंट' ही आज्ञा देऊन ड्राइव्ह जोडला. 'सुडो' म्हणजे मुखत्यारपत्रच! जोडणी मुलानें नव्हे, तर 'रूट' नांवाच्या सर्वाधिकाऱ्यानें केली, असें यंत्र धरून चालतें. सायंकाळीं वडील नुसतें 'युमाउंट' म्हणाले, तर त्यांचें कोण ऐकणार? (ह्या आज्ञेंतील एक 'न' १९७१ च्या युनिक्सपासूनच हरवलेला आहे.) अशा वेळीं 'सीएचमॉड ७७७' करून सर्वांना सर्व मोकळें करण्याची रीत निव्वळ आडदांडपणाची होय. तिनें फायलींचे हक्क बदलतात, ड्राइव्ह सोडविण्याचा हक्क मिळत नाहीं. शिवाय बहुतेक पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे. त्यांत मालकीची नोंदच नसते, मग हक्क तरी कोणाचे बदलणार? ज्या अधिकारानें जोडणी झाली, त्याच अधिकारानें ती सोडवावी : 'सुडो युमाउंट', आणि पुढें जोडणीच्या जागेचें नांव.

ड्राइव्ह नित्याचा असेल, तर 'एफएसटॅब' ह्या नोंदवहींत त्याची एक ओळ घालावी. तींत 'यूझर' लिहिल्यास ज्यानें जोडला त्यालाच सोडवितां येतो. 'यूझर्स' लिहिल्यास घरांतील कोणालाहि. एका 'स'चा हा फरक!

'टार्गेट इज बिझी' हा नकार मात्र निराळा. तेथें अधिकाराचा प्रश्नच नाहीं. कोणता तरी प्रोग्रॅम ड्राइव्हवरील फाइल उघडून बसला आहे, किंवा टर्मिनल त्याच फोल्डरांत उभें आहे. 'एलएसओएफ' वा 'फ्यूजर' ही आज्ञा तो अडथळा दाखवून देते. तेवढा दूर करावा. 'युमाउंट'पुढें आडवी रेघ व 'एल' लिहून सुटका होते खरी, पण ती फसवी. नांव यादींतून जातें, लेखन मागें चालूंच राहूं शकतें. साधा 'युमाउंट' कांहींहि न बोलतां परतला, म्हणजे मजकूर उतरला. मग ड्राइव्ह खुशाल काढावा.