मायक्रोफायबरच्या फडक्यांची निगा

मोटारीच्या रंगावर दिसणारे बारीक, गोलाकार ओरखडे बहुधा रस्त्यावर पडत नाहीत. ते गाडी धुताना आणि पुसताना पडतात, आणि पुसण्याचे फडके नीट धुतलेले व नीट ठेवलेले नसेल, तर महागड्या शाम्पूने किंवा पॉलिशनेही ते टळत नाहीत. कोल्हापूर परिसरात अलीकडे डिटेलिंगचा, म्हणजे गाडी नुसती धुऊन न थांबता तिचा रंग, काचा, चाके आणि अंतर्भाग यांची बारकाईने स्वच्छता व राखण करण्याचा व्यवसाय चांगला रुजला आहे, आणि त्याबरोबर मायक्रोफायबरची फडकी वॉशिंग सेंटरपासून घरच्या पार्किंगपर्यंत सर्वत्र पोहोचली आहेत. वापरून मळलेल्या या फडक्यांची धुलाई आणि साठवण कशी करावी, हा या भाषणाचा विषय आहे.

मायक्रोफायबर म्हणजे ज्याचा एकेक तंतू एक डेनिअरपेक्षा बारीक असतो असे कृत्रिम सूत. डेनिअर हे तंतूची जाडी सांगण्याचे माप असून, 9000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन जितके ग्रॅम भरते तितके त्याचे डेनिअर मानले जातात. एक डेनिअरच्या पॉलिएस्टर तंतूचा व्यास सुमारे 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो, तर माणसाचा केस साधारणपणे 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये अशा अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम सुएड, म्हणजे लवदार चामड्यासारखे कापड तयार केले, आणि त्यानंतरच्या काळात या तंतूंचा उपयोग स्वच्छतेच्या कापडासाठीही होऊ लागला. गाडी पुसण्याच्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचे द्रव्य, बहुधा 80 ला 20 किंवा 70 ला 30 या प्रमाणात असते. या दोन द्रव्यांचा एकत्र काढलेला तंतू पुढील प्रक्रियेत फाकवला जातो, तेव्हा त्याचे संत्र्याच्या फोडींसारखे अनेक भाग सुटे होतात आणि त्यांच्या मधल्या फटींत पाणी, तेल व धूळ खेचली जाऊन अडकून राहते. फडक्याचा सारा गुण या फटींत आहे, आणि त्याचा दोषही तेथेच आहे, कारण जे सहज आत जाते ते सहज बाहेर येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचे कापडाशी नाते जुने आहे. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि तेव्हापासून या भागातील घराघरांत सुती कापडाची पारख आणि ते धुण्याची रीत मुरलेली आहे. गरम पाण्यात भिजवणे, साबणाची वडी घासणे, ब्रशने खरडणे, दगडावर आपटणे आणि कडक उन्हात वाळवणे ही रीत सुताला मानवते, कारण कापसाचा तंतू पाणी स्वतःच्या अंगात शोषून घेतो, उष्णता सोसतो आणि ओला असताना अधिक बळकट होतो. मायक्रोफायबरचा तंतू पाणी अंगात जवळजवळ घेतच नाही; तो ते फटींत धरून ठेवतो, आणि त्या फटी मिटल्या, बुजल्या किंवा उष्णतेने आखडल्या की फडके दिसायला शाबूत राहूनही निकामी होते. म्हणून सुती कापडासाठी पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणाची ठरलेली रीत या कापडासाठी जशीच्या तशी वापरणे हेच ते लवकर खराब होण्याचे मुख्य कारण आहे.

या भागातील धुळीचे स्वरूपही लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींमध्ये, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांमध्ये, साचे बनवण्यासाठी वाळू वापरली जाते. तिचा मुख्य घटक सिलिका असून कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर तो 7 या अंकावर, म्हणजे साध्या काचेच्याही वर आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उसाच्या चिपाडाच्या राखेचे काळे कण उडून गाड्यांवर बसतात, पावसाळ्यात गगनबावडा आणि राधानगरीकडून येणाऱ्या गाड्यांवर जांभ्याचा तांबडा चिखल असतो, तर जोतिबाच्या डोंगरावरून उतरणाऱ्या गाड्यांच्या फटीफटींत गुलाल भरलेला असतो. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, आणि इतक्या पातळ थरावर वाळूचा कण अडकलेले फडके फिरले, तर त्याने काय होते हे सांगण्याची गरज उरत नाही.

फडक्याची निगा धुण्यापासून सुरू होते असा समज आहे. वस्तुतः ती फडके हातातून खाली ठेवल्या क्षणी सुरू होते. वापरलेली सर्व फडकी एकाच बादलीत किंवा डिकीच्या कोपऱ्यात कोंबली, तर चाके पुसलेल्या फडक्यातील ब्रेकचा लोहकण रंग पुसलेल्या फडक्यात जातो, आणि पुढे कितीही धुलाई केली तरी तो पुरता निघेलच याची शाश्वती नसते. यासाठी कामागणिक फडक्यांचे रंग ठरवून घ्यावेत आणि मळलेली फडकीही त्याच विभागणीने ठेवावीत: रंगावरचे पाणी टिपणारी एका ठिकाणी, मेण व पॉलिश पुसणारी दुसऱ्या, काचेची तिसऱ्या, अंतर्भागाची चौथ्या, आणि चाके, इंजिन व दारांच्या कडा पुसणारी सर्वांपासून दूर. सुकी धूळ किंवा गुलाल लागलेले फडके आधी मोकळ्या जागी झटकावे. ओले फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कारण कोंडलेल्या ओलाव्यात जंतू वाढून कुबट वास धरतो. ते धुण्याची पाळी येईपर्यंत दोरीवर पसरावे किंवा जाळीच्या टोपलीत ठेवावे. मेण आणि पॉलिश लागलेली फडकी मात्र त्याच दिवशी भिजत घालावीत, कारण ही द्रव्ये वाळली की तंतूंच्या फटींत घट्ट बसतात, आणि बऱ्याच पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी मुद्दाम घातलेली घासणारी पूडही असते.

धुण्याच्या कामात भिजवण्याला सर्वाधिक महत्त्व आहे. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या टबात कोमट पाणी घेऊन त्यात थोडा द्रव डिटर्जंट आधी मिसळावा, फडकी त्यात अर्धा तास सुटी पसरून ठेवावीत आणि मग हाताने हलकेच खळबळावीत. त्यानंतर पाणी ओतून न देता फडकी वरच्या वर उचलावीत, कारण सुटलेले जड कण तळाशी बसलेले असतात आणि टब कलंडताच ते पुन्हा कापडात शिरतात. फडकी काढल्यावर तळाशी दिसणारा करड्या, काळ्या किंवा तांबूस गाळाचा पट्टा हा भिजवणे कितपत साधले याचा चांगला पुरावा असून, तो जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहावे. यानंतर यंत्रात धुवायचे असल्यास नाजूक कपड्यांचे आवर्तन आणि 40 अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी पुरते. घरी सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात एकाच पाण्यात दोन-तीन खेपा काढण्याची पद्धत असते. तेथे काच व रंगाची फडकी आधी आणि पॉलिशची नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये, तर चाकांची फडकी यंत्रात न घालता हातानेच वेगळी धुवावीत. सुती टॉवेल, मोजे किंवा साड्या यांच्याबरोबर ही फडकी धुवू नयेत, कारण सुताची सुटलेली लव त्यांत अडकून पुढे काचेवर उतरते.

धुण्यासाठी काय वापरू नये हे काय वापरावे याइतकेच महत्त्वाचे आहे. कपड्यांना मऊपणा व सुवास देणारे कंडिशनर तंतूंवर स्निग्ध लेप चढवतात, त्यामुळे फडके हाताला मऊ लागते, पण पाणी टिपेनासे होते. क्लोरीनयुक्त ब्लीचने त्यातील पॉलिअमाइड कमकुवत होतो. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात पारंपरिक साबणाची वडी घासली, तर साबण आणि क्षार यांच्या संयोगाने न विरघळणारा चिकट थर तयार होऊन तो फटींत बसतो. अशा फडक्यांच्या शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी साधे पांढरे व्हिनेगर घातल्यास त्यातील सौम्य आम्लामुळे क्षारांचे साचलेपण सुटते. परंतु व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. फडके खरोखर मोकळे झाले की नाही हे पाहण्यासाठी वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो ताबडतोब पसरून आत गेला तर काम झाले, आणि मण्यासारखा उभा राहिला तर लेप अजून शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे.

येथे डाग आणि मळ यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. खंडेनवमी आणि दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, तेव्हा हळदीची बोटे पुसलेले फडके डिटर्जंटच्या अल्कधर्मी पाण्यात एकदम तांबडे होते, कारण हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलते. असे फडके पाहून घाबरून ते ब्रशने खरडले जाते आणि त्याचे धागे तुटतात. वास्तविक हा डाग रंगाला इजा करणारा नाही आणि थोड्या उन्हात तो आपोआप फिका होतो. गुलालाचे फडके इतरांना रंग देते म्हणून ते एकटेच धुवावे, एवढेच. उलट, अगदी पांढऱ्याशुभ्र फडक्यात वाळूचे दोन कण असू शकतात आणि तेच खरे धोक्याचे असतात. फडक्याची परीक्षा डोळ्यांइतकीच बोटांनी करावी; वाळलेले फडके तळहातावर पसरून दुसऱ्या हाताने सावकाश चाचपले की खरखर लगेच लागते.

वाळवताना फडकी सावलीत व वाऱ्यावर पसरावीत. गच्चीवर राख उडत असेल, तर हंगामात ती घरातच वाळवावीत, आणि पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण कोरडी होईपर्यंत धीर धरावा. त्यांना इस्त्री करू नये व ती तापलेल्या पत्र्यावर टाकू नयेत. कोरडी फडकी घडी करून झाकणाच्या डब्यात, विभागणीची चिठ्ठी लावून ठेवावीत. डांबराच्या गोळ्यांची गरज नाही, कारण लोकर व रेशीम खाणारी कसर या कृत्रिम तंतूच्या वाटेला जात नाही. राखायचे असते ते धूळ आणि दमटपणा यांपासून. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याविना रंगावर वापरू नये. जुने झालेले फडके रंगावरून चाकांवर व चाकांवरून फरशीवर असे उतरत न्यावे, ते पुन्हा वर चढवू नये. सिरॅमिक कोटिंग पुसलेले फडके मात्र टाकूनच द्यावे, कारण त्यातील द्रव्य वाळून काचेसारखे कठीण बनते आणि धुण्याने निघत नाही.

या धुण्याच्या पाण्याचाही विचार हवा. रंकाळ्याजवळच्या धुण्याची चावी या जुन्या जागेचे नाव आजही सांगते की या शहराने धुण्याला एक ठरलेले ठिकाण दिले होते. फडक्यांच्या पाण्यात तेल, लोहकण आणि झडलेले पॉलिएस्टरचे तंतू असतात. हे तंतू कुजत नाहीत, आणि नाल्यांतून पंचगंगेत गेलेले पाणी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणून फडकी वा गाडी नदीकाठी, तलावावर किंवा ओढ्यात धुऊ नये, टबातील गाळ खाली बसू देऊन वेगळा काढावा, आणि यंत्राच्या जाळीत साठलेली लव गटारात न सोडता कचऱ्यात टाकावी.

वॉशिंग सेंटरमध्ये हे सारे काम बहुतेक वेळा तरुण मदतनीस मुले करतात, आणि गाडीवर ओरखडा दिसला की बोल त्यांनाच लागतो. त्यांच्याजवळ दिवसभरासाठी चार-पाचच फडकी असतील, मळलेल्यांसाठी वेगळे डबे नसतील आणि भिजवायला अर्धा तासही मिळत नसेल, तर कितीही कुशल हाताला चांगले काम साधणार नाही. पुरेशी फडकी, कामागणिक वेगळ्या टोपल्या, स्वच्छ पाण्याचा एक टब आणि धुण्यासाठी कामाच्या वेळेतून काढलेला अवधी यांचा खर्च एका गाडीच्या रंगाला पुन्हा पॉलिश करण्याच्या मानाने किरकोळ आहे; तो करणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि सेंटर निवडताना तेथे मळलेली फडकी कशी ठेवली आहेत हे पाहून घेणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे.