शेण, पऱ्हाटी आणि आपली चूल

(हिंगणघाट येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी चुलीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, चुलीत काय शिकायचे? ती तर रोजचीच. पण जी गोष्ट रोजची असते, तिच्याकडेच आपले लक्ष नसते.

आपला तालुका कापसाचा. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. ती उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि बैलगाडीने आणून घरामागे रचायची. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. एवढ्यावर वर्षभर चूल पेटायची. सरपण विकत आणण्याची पाळी शेतकऱ्यावर क्वचितच येई.

साऱ्या देशाचे असेच होते. 1947 साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी अर्ध्याहून जास्त ऊर्जा लाकूड, शेण आणि काडीकचरा यांतून येत होती. 2011 च्या जनगणनेतही 100 घरांपैकी सुमारे 66 घरी यावरच स्वयंपाक होत होता.

मग यात वाईट काय? दोन गोष्टी वाईट. त्या नीट ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट धुराची. माझी माय चाळीस वर्षे चुलीपुढे बसली. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. पुढे तिला खोकला लागला, तो गेलाच नाही. मी मास्तर झालो तेव्हा ती म्हणाली, "बापू, तू साऱ्या गावाला शिकवतोस. माह्या चुलीचा धूर घालवायचं काही शिकला का?" मला उत्तर देता आले नाही. साध्या चुलीत 100 भाग उष्णता निघाली तर भांड्याला जेमतेम 10 भाग लागते. बाकीची वाया जाते, आणि धूर बाईच्या छातीत जातो. तिच्या पाठीवरच्या लेकराच्याही छातीत जातो.

दुसरी गोष्ट शेताची. शेणात पिकाला लागणारे नत्र असते. गोवरी जाळली की नत्र धुरातून उडून जाते. मागे राख उरते. राखेत थोडे क्षार असतात, पण नत्र नसते. म्हणजे आपण चुलीत खतच जाळतो आणि मग युरियाची गोणी विकत आणतो. घरचे विकून तेच बाजारातून परत घेण्यासारखे हे झाले.

म्हणून कोणतेही इंधन समोर आले की दोन प्रश्न विचारावे. धूर कोणाच्या छातीत जातो? शेताचे शेताला परत मिळते का?

या प्रश्नांवर काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे काम मगनवाडीत चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते पाहत. घासलेट परदेशातून येत असे. म्हणून तिथे गावच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार केला. धूर नळीतून बाहेर नेणारी 'मगन चूल'ही तिथलीच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले. तेव्हा लाकडी कोळशापासून गॅस करून त्यावर मोटारी चालवल्या. आमचे वडील सांगत, मोटारीला मागे भट्टी लावलेली असे आणि चढ आला की उतारू खाली उतरत.

आता गोबरगॅसकडे येऊ. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार केला होता. पुढे 1951 च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे गोबरगॅस यंत्र बनवले. खादी आयोगाने ते गावोगावी नेले. 1981 साली केंद्र सरकारने त्यासाठी मोठी योजना काढली. 1984 साली 'दीनबंधू' नावाचे विटांच्या घुमटाचे स्वस्त यंत्र आले. आजवर देशात 50 लाखांच्या आसपास यंत्रे बांधली गेली.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. जितके शेण तितकेच पाणी घ्यायचे, कालवायचे आणि बंद टाकीत सोडायचे. आत हवा नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू शेण कुजवतात. त्यातून जळणारा वायू निघतो. तो नळीने शेगडीपर्यंत येतो. ज्योत निळी, धूर जवळजवळ नाही. कुजलेली रबडी दुसऱ्या बाजूने बाहेर येते. ती उत्तम खत असते, कारण नत्र तिच्यातच राहते. म्हणजे एकाच शेणातून आधी इंधन, मग खत. आपले दोन्ही प्रश्न सुटले. एक मात्र सांभाळा. टाकीत कधीही उतरू नका. आतला वायू माणसाचा जीव घेतो.

आता हिशेब करू. एक जनावर दिवसाला सुमारे 10 किलो शेण देते. 5 जनावरांचे 50 किलो. त्यापासून 2 घनमीटर गॅस मिळतो. 5-6 माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो.

मग घरोघरी गोबरगॅस का नाही? इथे मी माझीच चूक सांगतो. आम्हीही यंत्र बांधले. नऊ वर्षे चांगले चालले. मायने फुंकणी आढ्याला खोचून ठेवली. पुढे आम्ही ट्रॅक्टर भाड्याने लावू लागलो आणि बैल विकले. शेण कमी पडले. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण झाली. रोज कालवायला घरात कोणी तयार होईना. टाकीला तडा गेला, तो मी आज बुजवू, उद्या बुजवू म्हणत राहिलो. यंत्र बंद पडले आणि फुंकणी पुन्हा खाली आली. यंत्र बांधणे एका दिवसाचे, पण ते चालवणे रोजचे. हे मला उशिरा कळले.

2016 साली उज्ज्वला योजना आली आणि 10 कोटींहून जास्त घरी सिलिंडर पोचला. धूर कमी झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून येतो. भाव वाढला की रिकामा सिलिंडर कोपऱ्यात बसतो आणि बाई पुन्हा चुलीपुढे.

सरकारने मोटारींसाठीही शेताकडे पाहिले आहे. उसाची मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. 2003 साली 5 टक्क्यांपासून सुरुवात झाली. 2025 साली प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. साखर कारखाने उसाची चिपाडे जाळून वीज करतात. यात परदेशी तेल वाचते, शेतकऱ्याला पैसा मिळतो. पण उसाला पाणी फार लागते आणि मका-तांदूळ हे अन्न आहे. म्हणून जिथे खरा टाकाऊ माल आहे, तिथून आधी इंधन घ्यावे, असे मला वाटते.

आणि असा माल आपल्या दारात आहे. तो म्हणजे पऱ्हाटी. पूर्वी ती आपण बिनधास्त रचून ठेवायचो. आता तसे नाही. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. म्हणून बरेच जण पऱ्हाटी शेतातच पेटवतात. त्यात धूरही होतो आणि मातीतले जीवही मरतात. त्यापेक्षा तिचा भुगा करून जमिनीत घालावा, किंवा भुगा दाबून जळणाच्या कांड्या कराव्या. 2021 साली केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांना अशा कांड्या कोळशात मिसळायला सांगितले आहे. एकट्याला यंत्र परवडणार नाही. दहा जण मिळून विचार करा.

आज घरी जाऊन एक काम करा. वहीत तीन ओळी लिहा. घरी जनावरे किती? रोजचे शेण किती किलो? त्यातले चुलीत किती जाते आणि शेतात किती? हिशेब लिहिला की तोटा डोळ्यांना दिसतो.

आणि तुमच्या मायने मला विचारले तसे विचारायच्या आधी तुम्हीच तिच्या चुलीपुढे एक दिवस बसून पाहा. माझी माय आता नाही. तिला द्यायचे उत्तर मी तुम्हाला देत आहे.