भाषा शिकवावी कशी? – बंगळूर प्रकल्पाचा बोध



महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यामागील हेतू स्तुत्य होता. तथापि वह्या निर्दोष वाक्यांनी भरलेल्या असूनही पाहुण्याने इंग्रजीत साधा प्रश्न विचारताच मूल मान खाली घालते, हा अनुभव अनेक घरांना परिचित आहे. नियम ठाऊक, शब्द ठाऊक. मग वाणी अडते कोठे? या प्रश्नाचा एक मोलाचा शोध भारतातील सामान्य शाळांच्या वर्गांतच घेतला गेला, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

दक्षिण भारतात त्या काळी वाक्यरचना क्रमाक्रमाने घोटवून इंग्रजी शिकविण्याची पद्धत रूढ होती. वर्गात अचूक उत्तर देणारा विद्यार्थी वर्गाबाहेर मात्र मूक राही. मद्रास येथे ब्रिटिश कौन्सिलमध्ये कार्यरत असलेले डॉ. एन. एस. प्रभू यांनी सहकाऱ्यांसह 1979 ते 1984 या कालावधीत काही शाळांत वेगळा मार्ग अवलंबिला. हाच ‘बंगळूर प्रकल्प’ होय. मन अर्थाच्या शोधात गुंतलेले असताना भाषेचे रूप आपोआप आत्मसात होते, ही त्यामागील धारणा होती. म्हणून व्याकरणाच्या धड्यांऐवजी वर्गात कृतिकार्ये आली: नकाशा वाचणे, रेल्वेचे वेळापत्रक पाहून प्रवास ठरविणे, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे.

उदाहरणार्थ, दोन गाड्या आहेत. पहिली 11.40 ला पोहोचते, दुसरी 12.30 ला. मुलाखत 1 वाजता आहे आणि स्थानकापासून कार्यालय एक तासाच्या अंतरावर आहे. कोणती गाडी धरावी? प्रथम शिक्षक असेच एक कोडे साऱ्या वर्गासमवेत सोडवितो. नंतर प्रत्येक मूल दुसरे कोडे स्वतंत्रपणे सोडविते. एखादे मूल म्हणते, “सेकंड ट्रेन लेट.” शिक्षक त्याला थांबवीत नाही. “येस, द सेकंड ट्रेन इज टू लेट,” असे सहज म्हणून तो पुढे जातो. मुलाचा विचार बरोबर ठरतो आणि शुद्ध वाक्यही त्याच्या कानी पडते. गुण मिळतात ते योग्य गाडी निवडल्याबद्दल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कृतिकार्य म्हणजे मुलांना गटांत बसवून केवळ गप्पा मारावयास लावणे नव्हे. मुले आपसांत बोलताना एकमेकांची अशुद्ध रूपेच दृढ करतील, या विचाराने प्रभूंनी गटकार्यावर भर दिला नाही. शिक्षकाचे अर्थपूर्ण बोलणे हाच त्यांच्या वर्गाचा आधार होता.

अॅलन बेरेटा व अॅलन डेव्हिस यांनी केलेले या प्रकल्पाचे मूल्यमापन 1985 साली प्रसिद्ध झाले. त्याचे निष्कर्ष सावधपणे अनुकूल होते. मात्र जो गट ज्या रीतीने शिकला, त्या रीतीच्या परीक्षेत तो सरस ठरला, हेही दिसून आले. यातील बोध मोठा आहे. परीक्षा जर केवळ रिकाम्या जागा भरण्याची असेल, तर उत्साही शिक्षकही अखेर पाठांतराकडेच वळेल. 1987 साली प्रभूंनी आपले विवेचन ‘सेकंड लँग्वेज पेडागॉजी’ या ग्रंथात मांडले आणि एतद्देशीय वर्गांतील हा अनुभव जगभरच्या भाषाशिक्षकांच्या अभ्यासाचा विषय झाला.

या पद्धतीस महागडी साधने लागत नाहीत. एसटीचे वेळापत्रक, किराणा मालाची यादी, गावाचा नकाशा एवढे पुरे. लागतो तो संयम. शिक्षकाने चूक ऐकून घ्यावी आणि पालकांनी वहीतील लाल खुणा मोजण्यापूर्वी, “आज इंग्रजीतून कोणते कोडे सोडविलेस?” असे विचारावे. चुकण्याचे भय ज्या वर्गातून गेले, त्या वर्गात बोलणे उगवल्यावाचून राहत नाही.