हातोडीखालचा रुपया

नांगराच्या फाळाला कधीमधी मडके लागते आणि आतून चांदीची वेडीवाकडी नाणी निघतात. काठ चिरलेला, अक्षरे अर्धीच उमटलेली. बघणारा म्हणतो, "खोटी दिसतात. द्या सोनाराकडे, आटवून टाकील!" पण मंडळी, हा वेडेवाकडेपणा खोटेपणाचा नव्हे, हातकामाचा आहे.

पूर्वी आपल्या टांकसाळीत यंत्र नव्हते. चांदीचा तुकडा वजनाबरहुकूम कापायचा, एका ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडीचा घाव घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान. म्हणून काही अक्षरे बाहेरच राहत. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, १६०० साली मोगलांच्या हाती गेले. औरंगजेबाच्या वेळी येथे रुपये पडत. त्यांवर फारशीत 'जर्ब अहमदनगर' असे वाचायला मिळते. जर्ब म्हणजे घाव!

आता विचाराल, एवढी चांदी आली कोठून? आपल्या काळ्या खडकात तर चांदीची खाण नाही. १५४५ साली दक्षिण अमेरिकेत पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. स्पेनच्या अंमलदारांनी तिथल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने वेठीस धरून तो खोदविला. त्या चांदीचे 'आठ रिआल'चे नाणेही असेच कातरून, घाव घालून पाडीत. वजन सुमारे २७ ग्रॅम. मोगली रुपयाचे साडेअकरा. इंग्रज, डच व्यापारी ही नाणी कापड आणि नीळ घेण्यासाठी सुरतेस आणीत. तेथे ती आटवून त्यांचे रुपये पाडीत. म्हणजे आपल्या शिवारातल्या रुपयात त्या वेठबिगाऱ्याने खणलेली चांदी असू शकते.

नाणे आटवले, की साल गेले, गावाचे नाव गेले; उरली नुसती चांदी. म्हणून सापडलेले नाणे घासू नका, चिंचेने उजळू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. लपविल्यास शिक्षा आहे. पण कळविणाऱ्याने भिण्याचे कारण नाही. सरकारने ठेवा घेतलाच, तर हक्कदाराला धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे त्याच कायद्यात आहे.

आणि गुरुजी, आपणांस एक विनंती. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मुलांना एकदा घेऊन जा. तिथल्या जुन्या नाण्यावरचे अर्धे अक्षर दाखवा आणि विचारा, "बाळांनो, उरलेले अर्धे कोठे गेले?" उत्तर शोधताना मुले आपोआप इतिहासात शिरतील.