स्पर्धेतलं भजन



धान चुरून घरात आला, की भंडारा जिल्ह्यात खंजेरी भजन स्पर्धांचे फलक झळकू लागतात. पवनी असो, साकोली असो की लाखांदूर, मंडप पडतो, भोंगे बांधले जातात आणि गावोगावची मंडळं पेटी-ढोलक घेऊन आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसतात. या स्पर्धांमुळे कितीतरी बायाबापड्या पहिल्यांदा माईकसमोर बसल्या, हे मोठंच काम झालं.

पण त्यात भजनाचं नुकसानही होत आहे.

परीक्षकांच्या कागदावर सूर, ताल, उच्चार असे रकाने असतात आणि वेळ मोजका. मग मंडळ महिनोन्‌महिने दोनच भजनं घोटतं. ज्याला ढीगभर भजनं पाठ आहेत, पण वयामुळे आवाज चिरकतो, तो म्हातारा आधी मागच्या रांगेत जातो आणि पुढे येईनासाच होतो. पेटीवाला कच्चा वाटला, तर बाहेरगावचा पैसे देऊन आणतात. बक्षीस मिळतं, तो आपल्या वाटेने जातो. गावातलं शिकतं पोर मात्र पेटीपासून लांबच राहतं.

ही खंजेरी विदर्भात घरोघरी नेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, १९४२च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला. सामुदायिक प्रार्थना हा त्यांच्या कार्याचा कणा. तिथे बेसूर माणसालाही जागा होती.

गाण्यातली चढाओढ काही आजची नाही, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. कलगी-तुऱ्याचे शाहीर रात्र रात्र एकमेकांना भिडत. पण जवाब द्यायचा तर समोरच्याचा सवाल कान देऊन ऐकावाच लागे. आजच्या स्पर्धेत दुसऱ्याचं अक्षरही न ऐकता पहिला नंबर येतो. आपलं गाणं आटोपलं की मंडळं गाडीत बसतात, आणि पहाटे गाणाऱ्या शेवटच्या मंडळापुढे परीक्षक तेवढे उरतात.

यंदा एखाद्या गावाने ढाल न ठेवता मंडळांना नुसतं बोलावून पाहावं. बक्षिसाच्या पैशातून गाडीभाडं आणि जेवण द्यावं. सगळ्यांनी शेवटपर्यंत बसावं, आणि सकाळी जाण्याआधी जाणत्या वादकांनी तिथल्या पोरांना खंजेरीचा हात दाखवावा.